कोमट फरशी आणि मावशींचे गुडघे

सास्तूर, पौष वद्य चतुर्थी

वैजनाथदाजींना गोरोबाचा वाकून नमस्कार. जळकोटला राजेश्वरीआक्का, मुलं आणि नवी म्हैस खुशाल असतील. (फोन सोडून चिठ्ठी का, असं वाटेल. मी फोन हातात घेतला की तुमच्या मातोश्री, म्हणजे म्हाळसामावशी, शेजारी येऊन बसतात. म्हणून तिकडे येणाऱ्या शेजारच्या गुरुलिंगच्या हाती पाठवतोय.)

यंदा आमच्या बोअरला आठशे फुटांवर पाणी लागलं ते कोमट. जुन्या माणसांनी बोट बुडवून पाहिलं आणि तीन घरांची अंथरुणं अंगणात आली. (भूकंप पाहिलेल्यांना हसू नये. तिसरं घर आमचंच.) मग एका साहेबांनी समजावलं की खोलवर जमीन उबदारच असते. तेव्हा मी डोकं चालवलं. रेशमाच्या अळ्यांना थंडी सोसत नाही, पौषात त्या पाल्याला तोंड लावत नाहीत. शेडच्या फरशीखाली नळ्या फिरवल्या, बोअरचं पाणी त्यांतून खेळवून मग तुतीला सोडलं. ना शेगडी, ना हीटर. अळ्या अशा खायला लागल्या की मी आणि मंजुषा, दोघं नवराबायको पाला तोडून दमलो.

इथवर छान होतं. मग मावशी चार दिवसांसाठी आल्या, दुखरे गुडघे घेऊन त्या फरशीवर पाय पसरून बसल्या, त्याला आज सतरा दिवस झाले. बसण्याबद्दल तक्रार नाही. पण अळीला उग्र वास चालत नाही, तंबाखूचा तर मुळीच नाही. आणि मावशी गुडघ्यांना बाम चोळतात, वर शेडच्या दारातच तव्यावर मिश्री भाजतात. परवापासून अळ्यांनी खाणं सोडलंय. आठ दिवसांत कोष विणले नाहीत तर सगळी बॅच जाईल. पण बहिणीच्या सासूला ऊठ कसं म्हणायचं? आम्ही पडलो मुलीकडचे. एकदा धीर करून म्हणालो, "मावशी, ओसरीवर ऊन लई झ्याक आलंय." त्या म्हणाल्या, "मग तू बस की जाऊन."

आपला,
गोरोबा

ता. क. आता आडपडदा ठेवत नाही. सोमवारच्या आत मावशींना घेऊन जा. कारण काहीही सांगा, पण माझं नाव नको.

आणखी एक : घोटाळा झाला. पाकिटात घालण्याआधी मंजुषानं सवयीनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि मावशींनी ऐकली. रागावल्या नाहीत. "आदी सांगायचं न्हाय व्हय? किड्यांच्या पोटावर पाय दिला की म्या," म्हणाल्या, मिश्रीचा डबा उकिरड्यावर टाकला आणि बाम धुऊन आल्या. आज काठीशिवाय तुतीपर्यंत चालत जाऊन त्यांनी पाला आणला. दाजी, मला रडू आलं. अळ्या खाताहेत. मावशींना नेऊ नका.

शेवटचं : मावशींनी हुरूपानं तुमच्या वडिलांनाही फोन करून गुडघे शेकायला बोलावलंय. उद्याच्या एसटीनं निघतील, गुरुलिंग आज रात्रीच तुमच्याकडे पोचेल. निघताना त्यांच्या खिशातलं बिडीबंडल तेवढं काढून घ्या. फेट्यातलंही.