कंसातलं बाळ

५ जून, सोमवार

बंद करणार म्हणे! तेवीस तारखेला देणगीदार येणार, आकडे बघणार आणि आमची ट्वी भाषेतली लाइन बंद करणार. अमोआटेंगसाहेबांनी हे आज मीटिंगमध्ये मीट-पाय खाता खाता सांगितलं. वर मलाच समजावतात — "मनाला लावून घेऊ नकोस, कोनादू. आपली माणसं देवाशी ट्वीत बोलतात, पण मोबाइल हातात आला की इंग्रजीच हवं असतं त्यांना."

आकडे त्यांच्या बाजूने आहेत, हेच दुखणं आहे. चौदा महिने झाले लाइन सुरू होऊन. एफिदुआसीच्या आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांनी मोबाइलवरून प्रश्न पाठवायचा, आमच्या नर्सनी उत्तर पाठवायचं. एवढी साधी गोष्ट. इंग्रजीत नऊ हजार संदेश आले. ट्वीत तीनशे बारा. त्यातले पावणेतीनशे तर मीच चाचणीसाठी पाठवलेले.

अकरा वर्षं एकच गोष्ट घोकतेय मी. आधी बँकेची वेबसाइट, मग वर्तमानपत्राची, मग ट्वी शब्दकोश, ट्वी कीबोर्ड, आणि आता ही लाइन. सगळीकडे एकच वाक्य — लोकांना त्यांची अक्षरं द्या, लोक लिहितील. परिषदांमध्ये टाळ्या घेतल्यात या वाक्यावर. आता तोंडघशी पडायची वेळ आलीये.

घरी आल्यावर एफिदुआसीला फोन लावला, मा ला, जरा रडगाणं गावं म्हणून. एंगेज.

६ जून

एंगेज. अडुसष्टाव्या वर्षी ही बाई दिवसभर बोलते कोणाशी? चर्चच्या बायकांना दुसरे उद्योग नाहीत.

८ जून, गुरुवार

मा चा मेसेज आला एकदाचा. वाचताना डोकं फिरलं. ट्वीत उलट्या तीनसारखं एक अक्षर आहे, ɛ. आणि एक ɔ, उलट्या c सारखं. साध्या मोबाइलवर ती सापडत नाहीत म्हणून मा चक्क आकडा 3 दाबते आणि दुसऱ्यासाठी बंद कंस. abɔfra म्हणजे बाळ — मा लिहिते ab)fra! बाळाच्या पोटात कंस! बरं, हिच्या मोबाइलमध्ये मी स्वतः माझा कीबोर्ड घालून दिलाय. वापरायला नको.

रात्री लागला फोन. म्हटलं, मा, तीन हा आकडा आहे, अक्षर नाही. तर म्हणते, "तुझ्या त्या कीबोर्डावर अक्षर शोधेपर्यंत बाई बाळंत होईल." आणि मग नेहमीचं — मोबाइल तापतो, बॅटरी टिकत नाही, नवीन पाठव. दोन महिन्यांपूर्वीच पाठवली होती! मग म्हणे, तुमच्या नर्स लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घ्यायला सांगतात की पाण्याबरोबर? म्हटलं, मा, तुला सुईणपणातून रिटायर होऊन आठ वर्षं झाली.

ठेवता ठेवता परत तेच — "तुझी ती लाइन बहिरी आहे बघ." गेल्या वर्षीपासून ऐकतेय हे. म्हटलं, आधी नीट लिहायला शीक, मग ऐकू येईल तिला. हसली आणि फोन ठेवला.

१२ जून, सोमवार

दिवसभर भांडण. मोबाइल कंपनीशी भांडले, "संदेश मध्येच गळतात का तुमच्याकडे?" तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून सगळं पोचतं." रेडिओवाल्याशी भांडले, जाहिरात पहाटे साडेचारला का लावता म्हणून. दुपारी लाइट गेले, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, मग जनरेटरवाल्याशी भांडले. त्याच्याशी भांडून जरा बरं वाटलं.

झिफा शेजारी बसून पानात बांधलेला चवळी-भात, तिचं ते 'वाचे', खात होती. ही आमची चाचणीवाली. आहे एवे, मातृभाषाच वेगळी, पण माझ्या ट्वीच्या चुका काढते. म्हणाली, "सॉफ्टवेअर आर्किटेक्टबाई, सगळ्यांशी भांडून झालं की एकदा स्वतःच्या कोडशी पण भांडा." मी म्हटलं, कोडला काही झालेलं नाही. मी रोज ट्वीत संदेश पाठवते, रोज पोचतो.

१३ जून

तेवीस तारखेसाठी भाषण लिहिलं. "आपल्या समाजात मातृभाषेत लिहिण्याची सवय रुजलेली नाही. आधी ती लावावी लागेल." झिफाने वाचलं. "हे तू लिहिलंस की अमोआटेंगने?" राग आला तिचा. खरं तर माझाच आला.

१५ जून, गुरुवार



सकाळी मा चा मेसेज — शेजारच्या एकीचं ab)fra पायाळू आहे, तुमच्या नर्स अशा वेळी काय सांगतात? झिफाला पाठवणार होते, बघ म्हणावं, आमची म्हातारी अजून ड्यूटीवर आहे. म्हणून तो कॉपी केला. तेवढ्यात अमोआटेंगनी हाक मारली. परत येऊन चाचणीच्या खिडकीत माझं रोजचं वाक्य टाकायला गेले, तर पडला मा चा मेसेज. जाऊ दे म्हटलं, आणि पाठवलं.

पोचलाच नाही. चूक दाखवली नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. परत पाठवला. परत गायब. झिफा खुर्ची ओढून आली. तिने एकेक शब्द काढत नेला. शेवटी तो एकच शब्द उरला — ab)fra. कंस काढला की संदेश पोचतो. कंस घातला की गायब.

"तू रोज काय पाठवतेस?" तिने विचारलं.

मी रोज माझ्या कीबोर्डावरून शुद्ध ट्वी पाठवते. चौदा महिने.

१६ जून, शुक्रवार

संदेश गायब करणारं कोड कोणी लिहिलंय ते शोधलं. मनात शिव्या तयार होत्या, फक्त नाव हवं होतं.

नाव माझंच निघालं.

आठ वर्षांपूर्वी बँकेत असताना कोणीतरी वेबसाइट फोडायचा प्रयत्न केला होता. मी चौकीदार लिहिला — शब्दाच्या मधोमध न उघडलेला बंद कंस दिसला की संदेश बाजूला टाक, पाठवणाऱ्याला काही कळवू नकोस. चोराला कशाला उत्तर द्यायचं? फार कौतुक झालं होतं तेव्हा. मग तोच चौकीदार मी प्रत्येक ठिकाणी नेला, वर्तमानपत्राला, शब्दकोशाला. लोकांनी नवे शब्द सुचवायचं पान होतं शब्दकोशात, त्यावर कोणी काही लिहीना म्हणून मी एक अख्खा लेख लिहिला होता, आपल्या लोकांच्या अनास्थेवर. लाज वाटते आता.

बाजूला टाकलेल्या ढिगात लाइनचे अकरा हजार सहाशे चाळीस संदेश आहेत. बाळंतपणाची लाइन — आणि बाळ या शब्दातच कंस!

१७ जून, शनिवार

सुट्टी, तरी ऑफिसला गेले. ढीग वाचायला बसले. अगदी पहिला मेसेज लाइन सुरू झाली त्याच दिवशीचा, सकाळी सात वाजून दोन मिनिटांचा. नंबर पाठ आहे मला. "मी नर्स फ्रेमा. ही लाइन माझ्या मुलीने केलीये. पहिला मेसेज माझा. पोचला की सांगा." ओळीत चार कंस.

दुसऱ्या आठवड्यात परत मा च. "कोणीच ऐकत नाही का?" त्यानंतर तिने इथे लिहिलं नाही. मला सांगितलं. मी स्पेलिंग शिकवलं.

पुढचे सगळे परक्या बायकांचे. पाय सुजलेत. उलट्या थांबत नाहीत. पांढरी माती खाल्ली तर चालते का? नवरा म्हणतो पहिल्या वेळी इस्पितळ कशाला, तुम्हीच त्याला सांगा.

२ मार्चला तीवा नावाच्या एकीचा. "बाळ कालपासून हलत नाही. काय करू?" तिचाच ३ मार्चला — "आहे का कोणी तिकडे?" मग काही नाही.

दुपारसाठी मक्याचं केंके आणलं होतं, तसंच परत नेलं.

१९ जून, सोमवार

अमोआटेंगना सांगितलं. आधी पांढरे पडले, मग दार लावून घेतलं. "हे बघ, चूक सुधारलीस ना? मग झालं. देणगीदारांना सांगू, यंत्रणेत सुधारणा केली, आता आकडे वाढतील. तुझं नाव कशाला मध्ये आणायचं? अकरा वर्षांची इज्जत आहे तुझी."

म्हटलं, आणि तीवा?

"कोण तीवा?"

माणूस वाईट नाही. माझी बाजूच घेत होता. तरी संताप आला. दोन्ही नर्सना ढिगातले नंबर वाटून दिले, नवीनपासून जुन्याकडे फोन लावत या म्हणून. तीवाचा मी ठेवलाय.

२० जून

तीवाचा मोबाइल बंद. मा ला फोन केला, एवढ्यासाठीच की माफी मागावी. एंगेज.

२१ जून

बंद. सकाळी, दुपारी, संध्याकाळी.

झिफा म्हणते, लोक सिम बदलतात, त्यात काय. तीही माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

२३ जून, शुक्रवार

मी सांगितलं. भाषण नव्हतंच, कागद घरी ठेवून गेले होते. फळ्यावर ab)fra लिहिलं आणि म्हटलं, हा शब्द आमच्या बायका असा लिहितात, आणि असं लिहिणाऱ्या प्रत्येकीला मी दाराबाहेर काढलं. अडवणारं कोड माझं आहे. भाषा येत नाही म्हणून त्या गप्प नव्हत्या. त्या लिहीत होत्या.

अमोआटेंग छताकडे बघत बसले. देणगीदारांतल्या एका बाईंनी विचारलं, "पण एकदा उत्तर आलं नाही, की माणूस परत कशाला लिहील? त्या बायका आता गेल्या ना तुमच्या हातून?" नाही माहीत, म्हणाले.

लाइनला तीन महिने मिळाले. प्रमुख म्हणून माझं नाव काढतील, अमोआटेंग जाताना म्हणालेच. काढू देत. परत येताना ट्रोट्रोच्या गच्च भरलेल्या मिनीबसमध्ये रडू आलं. नावाचं नाही. त्या बाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना.

तीवाचा फोन बंद.

२४ जून, शनिवार

तीवा लागली! शेतावर गेली होती, तिकडे चार्जिंग नाही. मागे बाळ रडत होतं. मुलगी आहे, तीन महिन्यांची. कसंबसं म्हटलं, आमच्या लाइनवरून तुला उत्तर गेलं नाही, माफ कर.

"त्या लाइनवर कोण लिहितं आता?" ती म्हणाली. "ती बहिरी आहे, इकडे सगळ्यांना माहितीये. आम्ही नर्स फ्रेमांना लिहितो. दहा गावांतल्या बायकांकडे नंबर आहे त्यांचा. त्यांनीच मला टॅक्सीत घालून कुमासीला नेलं. त्यांची मुलगी अक्राला कामात असते म्हणाल्या, तिला त्रास नको."

लगेच मा ला फोन लावला.

एंगेज.