दाराजवळची खाट

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे, पाठही आता फारशी दुखत नाही. तुमचा खोकला कसा आहे? रविवारचा उपदेश जरा आवरता घेत जा.

इथं वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना तारणाबद्दल सांगतेस का, असं तुम्ही विचारलंत. एकालाच सांगितलं. दाराजवळच्या खाटेवरचे आजोबा, खुनाची शिक्षा भोगून आलेले. त्यांच्याशी कुणी बोलत नसे. मी मात्र चहा त्यांच्यापासूनच वाटायची, तुम्ही चर्चमध्ये शेवटच्या बाकापासून हात मिळवत येता तसंच.

एकदा म्हणाले, "माझ्यापासून का सुरुवात करतेस, पोरी?"

"आमच्या बाबांची सवय आहे."

"तुमचा देवही इथूनच सुरुवात करतो का?"

बाबा, तुमच्या उपदेशातले मोठे शब्द तोंडात येईनात. म्हटलं, "माझ्यासारखीला घेतलंय त्यानं, तुम्हालाही घेईल." ते रडले. मग चहा गार झाला म्हणून माझ्यावरच चिडले.

परवा ते गेले. मातीला मी आणि इथला स्वयंपाकी, दोघंच होतो.

आज सवयीनं पहिला कप तिथेच नेला, बाबा. गादी गुंडाळून ठेवली होती. पुढच्या खाटेकडे पाऊलच उचलेना.

आईला यातलं काही सांगू नका, खुनाचं ऐकून उगाच काळजी करत बसेल.

तुमची,
धाकटी