बेलिंझोनाचा चढ

गुरुवार संध्याकाळ, मदिनत खलीफा

आज पुन्हा त्या किल्ल्यावरून वाद. मिलानहून झुरिकला जाताना मध्येच बेलिंझोनाला उतरायचं, किल्ला चढायचा आणि मग पुढची गाडी पकडायची, असं ह्यांच्या मनात. बायपासला अजून वर्षही झालं नाही! मी म्हटलं, "किल्ला खालूनच बघू ना." तर कडाडले, "पेशंट म्हणून नेणार असशील, तर मी येतच नाही!" मी लॅपटॉप मिटला. खलास, सगळंच रद्द करावं? की मीच उगाच घाबरतेय?

थोड्या वेळाने चहा द्यायला गेले. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तिथे वर जायला लिफ्ट असते का गं?"

आहे. मी केव्हाच बघून ठेवलंय. तरी म्हटलं, "बघते हं."