आठ पेशींवर थांबलेले

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. खोली वरच्या मजल्यावर आहे, दोन्ही खिडक्या पूर्वेला, सकाळचं ऊन थेट पलंगावर. घरमालकीणबाई खाली राहतात. किल्ली देताना त्यांनी आधी पगार विचारला, मग लग्न झालंय का ते, आणि शेवटी नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं. माणूस पोटात एक ओठात एक असा नाही, जमेल आमचं.

ही तिच्या आईकडे आहे. तिसरा महिना चालू आहे. याआधी दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेला. दोन्ही वेळा डॉक्टर एकच म्हणाले, वाढ थांबली. या खेपेला पट्टीवर दुसरी रेघ उमटली आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई दारात हजर, लेकीला घेऊनच गेल्या. तेव्हा मी चिडलो होतो. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यांचं काय चुकलं? पाचवा लागला की ही इकडे येईल. पाळणा कुठल्या भिंतीशी ठेवायचा ते मी बघून ठेवलंय. कुणाला बोललो नाही, हसतील.

६ फेब्रुवारी

आजवरची नोकरी वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या सांभाळण्यात आणि गावोगाव पोचवण्यात गेली. तिथं सगळं थंडगार, वाढत काहीच नाही. इथं, भ्रूणांच्या प्रयोगशाळेत, उलटं. कत्तलखान्यातून गायींची अंडाशयं कोमट पाण्याच्या थर्मासात येतात, त्यातली बीजांडं सुईनं ओढून घ्यायची, फळवायची, आणि तेलाच्या थराखाली माध्यमाच्या, म्हणजे पोषक द्रावाच्या, थेंबात ठेवायची. इन्क्युबेटर गायीच्या अंगाइतका गरम. ऑक्सिजन बाहेरच्या हवेपेक्षा खूप कमी, कारण गर्भाशयात तो तेवढाच असतो. एकटं भ्रूण थेंबात खंगतं, दहाबारा एकत्र ठेवली की तरारतात. मॅडम, म्हणजे इथल्या प्रमुख, म्हणाल्या की आपण आई नव्हे, आईचं सोंग आहोत, आणि सोंग नीट वठलं नाही की भ्रूणाला पहिलं कळतं.

अत्तर बंद, सुगंधी तेल बंद, ओला रंग दिलेली खुर्चीसुद्धा आत आणायची नाही. हवेतल्या वासानंही भ्रूणं बिघडतात. मी चार वेळा हात धुऊन आत गेलो.

मॅडमची आठवड्यापूर्वीची बॅच आजच तयार झाली होती. टपोरी, फुगलेली, काही तर कवच फोडून बाहेर निघालेली. काचसामान धुणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, नव्या साहेबांचा पायगुण चांगला आहे. मी हसलो, पण बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

माझी पहिली बॅच. दोन पेशी, चार, आठ. आणि आठवर सगळी उभी राहिली.

घाबरण्यासारखं काही नाही. आठ पेशींपर्यंत भ्रूण आईनं बीजांडात बांधून दिलेल्या शिदोरीवर जगतं. त्यापुढं स्वतःची चूल मांडावी लागते. माध्यमात काही कमीजास्त झालं की बरीचशी नेमकी याच उंबऱ्यावर अडतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण एकही पुढं जाऊ नये? मॅडम म्हणाल्या, पहिलटकराला सगळं माफ असतं.

२४ फेब्रुवारी

दुसरी बॅचही आठवर. पाणी बदललं, तेल बदललं, गॅसचं नळकांडं बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही मॅडमची शिस्त. नाहीतर दोष कशाचा ते कळत नाही. आज त्यांनी अवघडून विचारलं की मी अंगाला कुठला साबण लावतो. साबणही बदलला. घरमालकीणबाईंनी वास घेऊन सांगितलं की आता माझ्या अंगाला कसलाच वास येत नाही, भुतासारखा. फार हसल्या.

३ मार्च

एक विचित्र गोष्ट. अडलेली भ्रूणं दोनतीन दिवसांत काळवंडतात, पेशी विरघळून जातात. माझी विरघळत नाहीत. पहिल्या बॅचची ताटली मी टाकून दिली नव्हती. आज पाहिली. आठही पेशी स्वच्छ, चकचकीत, जणू आत्ताच विभागल्यात. मेलेली नाहीत. नुसती थांबलीत.

मॅडमनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. मग म्हणाल्या की हे त्यांनी आजवर पाहिलेलं नाही, आणि डोळे चोळत बाहेर गेल्या.

१० मार्च

आठवड्यापूर्वी मॅडमनी एकाच दिवसाची भ्रूणं दोन भागांत वाटली होती. अर्धी प्रयोगशाळेतल्या माझ्या खोलीत, अर्धी अंगणापलीकडच्या जुन्या इमारतीत. माध्यम तेच, तेल तेच. तिकडची फुगून तयार झाली, माझ्याकडची आठवर. म्हणजे दोष इन्क्युबेटरचा! सुटलो म्हणायचं. उद्या यंत्रांची अदलाबदल.

घरमालकीणबाईंनी टोमॅटोच्या रोपांचा ट्रे माझ्या खिडकीत ठेवला होता, ऊन चांगलं म्हणून. आज कुरकुर करून खाली नेला. दोन पानांवरच आहेत म्हणे अजून, खालची याच बियांची रोपं वीतभर झाली.

१८ मार्च

यंत्रं बदलली. तिकडचं चांगलं यंत्र माझ्या खोलीत आलं आणि त्यातली भ्रूणं थांबली. माझं वाईट यंत्र तिकडे गेलं आणि चालू लागलं. मॅडम आता वायरिंगला दोष देताहेत. खोली सगळ्यांची एकच, पण दिवसभर तिथं बसतो तो मीच.

ट्रे खाली गेल्यापासून रोपं भराभर वाढताहेत. घरमालकीणबाईंनी मला हात धरून नेऊन दाखवलं. मला बघवेना.

२३ मार्च

दोन दिवस हिच्याकडे जाऊन आलो. गाल वर आलेत, चालीत रुबाब आलाय. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

परत आलो तर मॅडम दारातच उभ्या, हसऱ्या. माझ्या खोलीतली सगळी भ्रूणं पुढं सरकली होती. पहिल्या बॅचचीसुद्धा, कित्येक दिवस थांबलेली, दोन दिवसांत आठाची सोळा आणि सोळाची बत्तीस. नवं तेल लागू पडलं, असं त्यांचं मत. मी मान डोलावली. तेल मी जाण्याच्या कितीतरी आधी बदललं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

२७ मार्च

एक गोष्ट बदलून पाहिली. खुर्ची. तीन दिवस जुन्या इमारतीत जाऊन बसलो, तिथल्या इन्क्युबेटरशेजारी, नुसता पेपर वाचत. कशाला हात लावला नाही.

तिकडची थांबली, माझ्या रिकाम्या खोलीतली वाढली.

मॅडमना सांगितलं. आधी हसल्या. मग मी त्यांना दोन्हीकडच्या ताटल्या दाखवल्या. शेवटी म्हणाल्या की काही दिवस रजा घे. त्यांनी आपली खुर्ची थोडी मागं घेतली. नकळत घेतली असेल.

मावशी चहा आत आणत नाहीत, उंबऱ्यावर ठेवतात. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत.

२८ मार्च

वाढ थांबली. वाढ थांबली. दोन्ही वेळा.

एरवी मी नळ्या घेऊन फिरतीवर असायचो, पण दोन्ही वेळा दिवस गेल्याचं कळताच फिरती सोडून हिच्याजवळ राहिलो. मी तिला जिना चढू दिला नाही, रात्रंदिवस उशाशी बसलो, पोटावर हात ठेवून झोपलो. डॉक्टर हिच्या रक्तात दोष शोधत होते आणि मीही तिला म्हणालो होतो, जरा खात जा नीट.

या खेपेला बाळ वाढतंय, कारण ते माझ्यापासून लांब आहे.

मोठ्यानं रडलो. खालून घरमालकीणबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, म्हटलं दाढ दुखतेय.

२ एप्रिल

हिचा फोन. तपासणी झाली. वाढ चांगली, फक्त एकदोन दिवसांनी मागं, तारीख चुकली असेल म्हणे.

तारीख चुकलेली नाही. दोन दिवस मी तिथं होतो.

म्हटलं, येऊ नकोस. बाळंतपण तिकडेच होऊ दे, मीही येत नाही, काम आहे. तिनं विचारलं, कोण आहे ती? कुणी नाही म्हटलं, पण खरं काय सांगणार? माझा पायगुण असा आहे, म्हणून?

७ एप्रिल

ही फोन उचलत नाही. सासूबाई म्हणतात, जावईबापू, तुमच्या मनात आहे तरी काय. खरं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

८ एप्रिल

आली. एकटी, बॅग घेऊन, न कळवता. मी दुसऱ्या कामाच्या चौकशीला बाहेर गेलो होतो, परतलो तर पलंगावर बसलेली. सगळे कोपरे पाहून झाले होते तिचे. दुसरी कुणी नाही हे कळल्यावर हसली, मग रडली.

मी दारातच उभा. सगळं सांगितलं, ताटल्या, रोपं, सगळं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

मी मागं सरलो. तिला लागलं ते.

९ एप्रिल

बसच्या धक्क्यांनी रक्त गेलं थोडं. डॉक्टर घरी येऊन गेल्या. बाळ ठीक आहे. पण हिनं उठायचं नाही, हलवायचं तर मुळीच नाही.

म्हणजे जायचं ते मी. सासूबाईंना कळवलं, उद्या दुपारी पोचतील. तोवर तिला पाणी द्यायला दुसरं कोण? घरमालकीणबाई लग्नाला गेल्यात.

जिन्यावर बसतो. पाणी दारातून आत सरकवतो. किती अंतर पुरतं? अंगण पुरत होतं. जिना पुरेल? माहीत नाही. मोजलं नाही कधी—

१० एप्रिल, सकाळ

ही पडून आहे, भिंतीकडे तोंड. मी तिला वाळीत टाकलंय असं म्हणते. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. सासूबाई आल्या की—

लांब जाईन. वाढेल पुन्हा. ताटलीतली ती कित्येक दिवस थांबलेली वाढली, हे का नाही वाढणार? वाढेल.

दुपार

सासूबाईंची बस उशिरा आहे. अजून तासभर.

आतून हाका मारतेय. रागातल्या नाहीत. हसतेय. हललं म्हणते. पहिल्यांदाच, आत्ता, माशासारखं. लवकर ये म्हणते, हात ठेव. नाही म्हटलं. झोप, उठू नकोस, मी इथूनच—

उठली. पावलं वाजताहेत. उठायचं नाही सांगितलंय तिला. मी खाली पळालो तर मागं येईल, जिना उतरेल, पडेल—

शेजारी येऊन बसली. वही बघतेय, वाचत नाही. माझा डावा हात ओढून घेतला, किती घट्ट धरलाय. हलतंय. खरंच हलतंय. इवलंसं, टुकटुक, तळव्याला लागतंय. माझं बाळ. एकदा, दोनदा, पुन्हा—

बघ, म्हणते, कसं गप्प झालं. बापाचा हात ओळखला. मी हात काढून घेतोय, ती सोडत नाही, हसतेय, थांब ना म्हणते, जरा थां