माल्टोजची सूर्यफुलं

सर, आज माझ्या प्रॅक्टिकलला एक मुलगी टेस्ट ट्यूब घेऊन आली, आत नुसता गाळ, आणि म्हणाली, "मॅडम, मेरे क्रिस्टल नहीं बने." किती सहज म्हणाली! तुम्ही असेपर्यंत तेवढं एक वाक्य मला तुमच्यासमोर जमलं नाही.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. रायपूरच्या आपल्या कॉलेजची लॅब, उकळत्या पाण्यात आमच्या ट्यूब, त्यांत फेनिलहायड्रॅझिन घातलेली साखर. तिचा ओसाझोन करायचा आणि पिवळ्या स्फटिकांच्या आकारावरून साखर कोणती ते ओळखायचं. वर्गात मराठी मी एकटीच, म्हणून तुमचं बाकीच्यांशी हिंदी आणि माझ्याशी घरचं मराठी बोलणं. "घाई नको करू पोट्टी. तिले आपोआप थंड होऊ दे." पण मला दम कुठला निघतोय? तुमची पाठ वळल्याबरोबर मी ट्यूब नळाखाली धरली आणि सगळं नासवलं. शेजारच्या मैत्रिणीनं दोन ट्यूब लावल्या होत्या. तिनं एक गुपचूप माझ्या स्टँडमध्ये सरकवली. तिच्यातला थेंब काचेवर घेऊन तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावता, बराच वेळ उठतच नाही, मग सगळ्यांना हाका मारता. "हे पाहा माल्टोज! सूर्यफुलं कशी फुलून राहिली! काहून गं, घरी बगीचा लावते का तू?" सगळे हसतात. मीही हसते.

त्या दिवसापासून मी तुमची लेकच झाले. ब्राह्मणपाऱ्यातल्या तुमच्या घरी काकूंच्या हातचं पिठलं खाल्लं, एमएस्सीचा फॉर्म तुम्ही शेजारी बसून भरून घेतलात, आणि येईल त्याला सांगत राहिलात की या पोरीच्या हाताला गुण आहे. दर वेळी खरं तोंडाशी यायचं. दवाखान्यात शेवटचं भेटायला आले तेव्हा तर ठरवूनच आले होते. पण तुम्ही नर्सला म्हणालात, "ये मेरी सूरजमुखी वाली बिटिया है." मी नर्सकडे बघून हसले.

आज त्या मुलीला पुन्हा ट्यूब लावायला सांगितली आणि ती थंड होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले. तुम्हीही माझ्याजवळ असेच बसला असतात. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तुमच्या रागाची भीती नव्हतीच. फार आठवण येते हो तुमची.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं, सर. ते कौतुक माझं नव्हतं, पण परत द्यायला अजूनही मन होत नाही.