चादरीच्या कडेची बोटं

४ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

खुर्च्यांचे फोटो काढले. कॅमेऱ्याचं कार्ड पाकिटात आहे. मागे पांढरी चादर हवी म्हणालीस, म्हणून तुझी आई ती धरून मागे उभी राहिली. हात दुखले, जरा बसू का, असं तिने विचारलं. नव्या खुर्चीवर गिऱ्हाइकाआधी कोणी बसायचं नाही, हा दुकानाचा नियम. मग मी दिवसभर तिची बोलणी खाल्ली.

हल्ली दुकानात लोक येतात ते पत्ता विचारायला. तू दुकानासाठी करतेयस ती वेबसाइट चालली नाही तर दुकानाला कुलूप लावून आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येऊ. तेव्हा मन लावून काम कर.

तुझा बाबा

११ जून

ती. बाबांस,
शि. सा. न.

धमकी पोचली. फोटो इतके जड होते की उघडेपर्यंत बघणारा उठून जाईल. त्यांचं वजन उतरवलं, उजेड वाढवला. प्रत्येक फोटोत चादरीच्या कडेला आईची बोटं होती. ती पुसली. आता खुर्ची आणि पांढरं, बाकी काही नाही. सगळे वेबसाइटवर चढवले.

आईचा राग तुम्ही झेला. लोभ मला पाठवा.

चिमणी

२० जून

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

एका बाईंनी विचारलंय, बाहुलीला बसायला दोन मिळतील का. दुसऱ्याला एक टेबलावर शोभेला हवी आहे. जन्मभर माणसांसाठी खुर्च्या केल्या, त्याचं हे फळ. तुझी आई पोट धरून हसली. बोटं ठेवली असती तर खुर्ची केवढी ते कळलं असतं, म्हणाली. माझी बोटं इतकी वाईट आहेत का, असंही म्हणाली. ते मात्र हसत म्हणाली नाही.

बाबा

२५ जून

ती. बाबांस,
शि. सा. न.

चुकलं. चादर काढा. आईला खुर्चीत बसवा आणि फोटो काढा. नियम एक दिवस खुंटीला टांगा.

चिमणी

९ जुलै

चि. चिमणीस,
पोटभर आशीर्वाद.

आज मी लिहितेय, कारण तुझे बाबा कामात आहेत. फोटो बघून एका गिऱ्हाइकाने हीच खुर्ची मागितली, जेवणाच्या टेबलाभोवती सहा. बाबा आनंदाने ती न्यायला आले. मी उठले नाही. म्हटलं, ही सोडून सहा करा. आता रंधा मारता मारता माझ्या नावाने बडबडतायत. दुकान चालू आहे, तुझी सुटका झाली.

फोटोत माझं वजन उतरवलंस तर हरकत नाही. बोटांना हात लावू नकोस.

खुर्चीत बसून,
आई