मास्तरने गेट लावलं ते बरोबर की चूक

महबूला, कुवेत
शनिवार, १७ जानेवारी

ती. आईंस,

विश्वासचा नमस्कार. तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पट्टी निघाली, आणि त्याच दिवशी समोरच्या गच्चीवर कोणी गाद्या वाळत घातल्या आहेत तेही तुम्हाला दिसलं, असं पद्मजाकडून कळलं. (थेट नाही. ती मुक्ताला सांगत होती आणि मी त्याच खोलीत होतो.) थेंब वेळेवर घालावेत. तुम्हाला त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलं आहे, त्यामुळे पानं वाढली आहेत, मजकूर तेवढा नाही. आम्ही तिघंही सुखरूप आहोत. इकडे थंडी बरी आहे. सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहताना कानटोपी लागते.

हल्लीच्या दिवसांत जावई पत्र का लिहितो आहे, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. आमचं घर दोन खोल्यांचं, फोनवर बोललेलं सगळीकडे ऐकू जातं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर डोळ्यामुळे तुमचे मेसेज सध्या जयदीप वाचून दाखवतो, आणि जयदीपला एखादी गोष्ट कळली की ती त्याच्या बहिणीला कळायला दीड मिनिट लागतं. आमचे पाचव्या मजल्यावरचे शेजारी गफूरभाई (सलव्याला पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे, माणूस सोन्यासारखा, मतं मात्र चुकीची) सोमवारी त्यांच्या गावी म्हसळ्याला चालले आहेत. मुंबईत उतरले की ते पाकीट पेटीत टाकतील. तरी हे पत्र आपण स्वतःच वाचावं, चष्मा बदलून मिळाल्यावर वाचलं तरी चालेल, पण जयदीपकडे देऊ नये ही विनंती.

गेल्या शनिवारी पद्मजा तुमच्याशी बोलत असताना तुम्ही फोनवर जे ऐकलंत त्यावरून माझ्याविषयी काही ग्रह झाला असेल तर तो पूर्ण माहितीअभावी झालेला आहे. पूर्ण माहिती अशी. गेले तीन महिने दर शुक्रवारी दुपारी, जेवणं आटोपली की, आम्ही गफूरभाईंकडे जमून एक मालिका पाहतो. कुठल्या तरी पूर्वेकडच्या देशातली आहे, हिंदीत बोलते. तिच्यात मेलेली माणसं उठतात आणि जिवंत माणसांना चावतात. ज्याला चावतात तोही थोड्या वेळाने मरतो, उठतो आणि पुढच्याला चावतो. (तुम्ही संध्याकाळी पाहता त्या मालिकेत माणसं जिवंतपणीच एकमेकांना चावतात, एवढाच फरक.) पात्रांची नावं आम्हाला कोणालाच उच्चारता येत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना आमची नावं ठेवली आहेत. त्यातला मास्तर म्हणजे एक चित्रकलेचा शिक्षक. गावातली चाळीस माणसं एका शाळेत लपली आहेत आणि लोखंडी गेटची किल्ली या मास्तरकडे आहे. दोन तारखेच्या भागात मास्तरची बायको औषधं आणायला बाहेर गेली. परत येताना तिच्या मागे ते दोनेकशे लोक लागले. ती पन्नास पावलांवर असताना मास्तरने गेट लावून घेतलं. भाग तिथेच संपला.

चहा येईपर्यंत दोन पक्ष पडले. गफूरभाई उभे राहिले आणि म्हणाले, "अरे बायकोय ती त्याची! चाळीस मेले तर मेले." हे ऐकून त्यांच्या पत्नी मुनिरावहिनींनी त्यांच्या ताटलीत सुरमईचे आणखी दोन तुकडे वाढले. आमच्याच प्लान्टमधला सुधीर (लातूरचा, दुसऱ्या मजल्यावर राहतो, अविवाहित) म्हणाला की मास्तरनं लई बरोबर केलं. त्यावर वहिनी म्हणाल्या, म्हणूनच तुमचं कुठे जमत नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण सुरक्षितता हा माझा धंदा आहे. आता तुम्हाला कल्पना आहेच, आमच्याकडे विषारी वायू असतो. एक माणूस पडला की त्याला उचलायला दुसरा धावतो, तो पडतो. मग तिसरा धावतो. मास्क नि सिलिंडर लावून माणसं पोचतात तेव्हा तिघं ओळीने पडलेले सापडतात. म्हणून पहिला नियम: धावायचं नाही. बाहेर पडायचं, ठरलेल्या जागी उभं राहायचं, डोकी मोजायची, कोण राहिलं ते सांगायचं, आणि काही झालं तरी परत आत शिरायचं नाही. हे मी आठशे माणसांना दरवर्षी शिकवतो आणि सही घेतो. तेव्हा मी सांगितलं की मास्तरची चूक एकच, त्याने गेट दोन मिनिटं उशिरा लावलं. टिश्यूच्या खोक्यावर आकृतीही काढून दाखवली.

पद्मजाने कप खाली ठेवला आणि विचारलं, "आणि पन्नास पावलांवर मी असले तर?"

इथे शहाण्या माणसाने काय म्हणायचं असतं हे नंतर बऱ्याच लोकांनी मला समजावलं. मी म्हणालो, "तुला चावलंय की नाही, त्यावर आहे."

आई, मला अजूनही वाटतं की प्रश्न योग्य होता. पण मुनिरावहिनींनी त्याच दिवशी इमारतीच्या ग्रुपवर मतदान घेतलं आणि मी अकरा विरुद्ध दोन असा पडलो. दुसरं मत सुधीरचं. (त्याने सोमवारी माझ्याकडे रजेचा अर्ज दिला.) मुक्ता म्हणाली, "बाबा, मॉमने तुला लव्हचं विचारलं आणि यू आस्क्ड हर फॉर डेटा," आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पद्मजा भांडली असती तर परवडलं असतं. ती भांडली नाही. ती सौजन्याने वागू लागली. सोफ्यावर बसण्यापूर्वी विचारायची, "इथे बसू ना? चावलेलं नाहीये मला." डब्यात पोळी-भाजी येत राहिली, पण मी ऑफिसमधून फोन केला की मुक्ता उचलायची. एकमेकांना आपण कुठे चाललो ते सांगायचं बंद झालं. पुढे जे घडलं त्याचं मूळ या शेवटच्या गोष्टीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता इमारतीचा फायर अलार्म वाजला. नंतर कळलं की तिसऱ्या मजल्यावर कोणी तरी मासळीचा वास घालवायला बखूर, म्हणजे इकडचा धूप, नेमका सेन्सरखाली लावला होता. पण तेव्हा ते कोणाला ठाऊक? आमच्या या भागात आगीची गोष्ट कोणी थट्टेवारी नेत नाही. मुक्ता शिकवणीला फिंतासला गेली होती. पद्मजा मुनिरावहिनींकडे गेली असणार असं मी धरून चाललो, कारण आदल्या दिवशी दोघींचं तसं बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. मी घराच्या मध्यभागी उभा राहून "फायर, फायर, बाहेर पडा" असं तीनदा ओरडलो, नववा मजला दारं वाजवून मोकळा केला, जिन्यात लिफ्टची वाट पाहणाऱ्या दोन कुटुंबांना रागावलो, आणि नऊ मजले उतरून पार्किंगमध्ये आलो. तिथे नुसता गोंधळ होता. मी शिट्टी फुंकली, मजल्यांप्रमाणे रांगा लावल्या, आमच्या हारिसला (इमारतीचा राखणदार) भाडेकऱ्यांची वही घेऊन शेजारी उभं केलं आणि मोजणी सुरू केली. एवढी शिस्तशीर मोजणी प्लान्टमध्येही होत नाही. गफूरभाईसुद्धा गुपचूप पाचव्या मजल्याच्या रांगेत उभे होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

त्या वेळी पद्मजा स्वयंपाकघरात होती, दार लावून; बाहेरच्या अलार्मपुढे मला मिक्सर ऐकू आला नाही. कानात ते फोनचं बोंडुक, समोर मिक्सर, आणि तुम्ही तिला हुलग्याच्या शेंगोळ्यांचं प्रमाण सांगत होतात. मिक्सर थांबल्यावर तुम्हीच नाशिकहून विचारलंत की मागे ती कसली शिट्टी वाजते आहे. म्हणजे आमच्या घरातला अलार्म माझ्या बायकोला तुमच्यामार्फत कळला. याबद्दल मी आपला आभारी आहे, हे या निमित्ताने लिहून ठेवतो.

इकडे खाली मी नवव्या मजल्याशी आलो आणि पद्मजाच्या नावापुढे "पाचव्या मजल्यावर" असं लिहिणार, तोच मुनिरावहिनी म्हणाल्या की भाभी तर आल्याच नाहीत. नेमक्या त्याच क्षणी मला आठवण झाली की आपले पासपोर्ट वर राहिले आहेत. मी वही हारिसकडे फेकली आणि जिन्याकडे निघालो. सुधीरने माझा दंड धरला आणि म्हणाला, "सर, परत आत शिरायचं नाही, तुम्हीच शिकवलंय." मी त्याला ढकललं. तो खाली बसला. (त्याची रजा मंजूर केली आहे.) सहाव्या मजल्यापर्यंत पोचलो आणि माझा श्वास संपला. एकावन्न वर्षांच्या माणसाने सहा मजले पळत चढू नयेत, हेही मी शिकवतो. पायरीवर बसलो, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि वरून पद्मजा आली. सावकाश, कठड्याला धरून, तुमच्याशी बोलत. मला पाहून थांबली. म्हणाली, "तू वर कुठे?" मी म्हणालो, "पासपोर्ट राहिले." ती फोनमध्ये म्हणाली, "काही नाही आई, विश्वास आहे. पासपोर्टसाठी परत आलाय." एवढंच तुम्ही ऐकलंत. नंतर तिने मला काखेत हात घालून सहा मजले उतरवलं आणि सगळ्या इमारतीने ते पाहिलं.

त्या दिवसापासून ती जास्तच सौजन्याने वागते आहे. बुधवारी संक्रांत झाली. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पुढचं वाक्य म्हटलंच नाही. मीही वडी तोंडात टाकून ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तर तिने आणि मुक्ताने बसून ठरवलं होतं की दहावी झाली की जूनपासून दोघींनी नाशिकला, तुमच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचं; मुक्ताची अकरावी-बारावी तिकडेच करायची. मी इथे राहायचं आणि वर्षातून एकदा सुट्टीवर यायचं. हा विचार पूर्वीही निघाला होता, पण तेव्हा मुक्ता इथेच शिकेल असं पद्मजाच म्हणाली होती. मला विचारल्यावर मी म्हणालो, काही हरकत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहता खरंच काही हरकत नाही.

तर हकीकत ही अशी आहे. तुमचा गैरसमज दूर व्हावा एवढाच या पत्राचा उद्देश. बाकी काही मागणं नाही. जयदीपला आशीर्वाद, त्याच्या मंडळींना नमस्कार. डोळा चोळू नये, आणि आठ-पंधरा दिवस चुलीपुढच्या वाफेपासून लांब राहावं.

आपला,
विश्वास

ता. क. : वरची हकीकत एके ठिकाणी दुरुस्त करून वाचावी. पासपोर्ट माझ्या खिशात होते. घरातून निघतानाच शिट्टी, टॉर्च, तिघांचे पासपोर्ट नि तिघांचे बताके (इकडची ओळखपत्रं) मी घेतले होते; कपाटाच्या दाराला आतून यादीच चिकटवलेली आहे. त्या यादीत पद्मजा नाही. ती यादीत लिहायची गोष्ट आहे असं एकवीस वर्षांत मला कधी वाटलं नाही. वहिनी "आल्याच नाहीत" म्हणाल्या तेव्हा मी घाबरलो, आई. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. पुढे पायरीवर ती समोर दिसली तेव्हा रडू येईल असं वाटलं, म्हणून पासपोर्ट म्हणालो. शिवाय मतदान होऊन आठवडाच झाला होता.

ता. क. २ : आणि एक मागणं आहे. पद्मजा वरच्या खोल्यांबद्दल विचारेल तेव्हा तुम्ही नाही म्हणावं. भाडेकरू ठेवला आहे म्हणा, छत गळतं म्हणा, काहीही म्हणा. तुम्हाला तुमच्याच मुलीच्या तोंडावर दार लावायला सांगतो आहे, हे मला कळतं. पण तुम्ही मुख्याध्यापिका असताना ती पाच मिनिटं उशिरा आली म्हणून पहिला तास संपेपर्यंत तिला शाळेच्या गेटबाहेर उभं केलं होतंत, असं तीच सांगते. तेव्हा हे काम तुम्हालाच जमेल. मला इथे एकट्याने राहता येणार नाही, आणि तिला तसं सांगताही येणार नाही.

ता. क. ३ : पाकीट बंद करता करता लिहितो. तुम्ही नाही म्हणूनही ती येऊन दारात उभी राहिली, तर उघडालच. मीही उघडलं असतं. चावलेली असती तरी उघडलं असतं. मास्तर चुकला. हे पद्मजाला कळलं तर माझी हरकत नाही, किंबहुना कळावंच. गफूरभाईंना मात्र कळता कामा नये, आणि पत्र त्यांच्याच हाती देतो आहे, म्हणून पाकिटाला डिंक दोनदा लावला आहे.